शिकविण्याचा ताळा



बेळगावहून दक्षिणेकडे येळ्ळूरच्या वाटेने निघाले, म्हणजे थोड्याच वेळात राजहंसगडाचा डोंगर डोळ्यांत भरू लागतो. गडाच्या छायेत येळ्ळूर गाव, सभोवती भाताची खाचरे, आणि मागे वळून पाहावे तर बेळगाव शहराची घरे. ह्या गावाचे नाव निघाले की मराठी माणसास सीमाप्रश्न आठवतो, चांगळेश्वरीच्या यात्रेतील कुस्त्यांचे मैदान आठवते, बेळगावी बासमतीचा वास आठवतो. परंतु ज्या बेळगाव जिल्ह्यात हे गाव आहे, त्याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका अगदी निराळ्या प्रश्नाची तड लावण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याची वार्ता वैद्यकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकांपर्यंत जाऊन पोहोचली. आपल्याकडे मात्र तिची चर्चा फारशी झाली नाही. तो प्रश्न असा: सुईणीला, परिचारिकेला किंवा डॉक्टराला आपण काही शिकविले, तर ते तिच्या वा त्याच्या हातात उतरले, हे ओळखावे कसे?

प्रश्न वरवर सोपा वाटतो. परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झाला तर शिकला, असे आपण म्हणू. पण शाळेत गणित सोडवून झाले की जुने गुरुजी पाटी पुसू देत नसत. आधी ताळा पाहावयास लावीत. भागाकार केला असेल तर उलट गुणाकार करून मूळ संख्या परत येते की नाही, हे तपासल्यावाचून उत्तरास उत्तर म्हणता येत नसे. वैद्यकीय शिक्षणात परीक्षा हे उत्तर झाले, ताळा नव्हे. ताळा पडताळायचा तो रोग्याच्या खाटेपाशी, बाळंतिणीच्या खोलीत. आणि तो पाहण्याची विद्या, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाविषयीचे संशोधन, ही फार अलीकडची आहे.

ह्या विद्येचा पाया कोठे घातला गेला असे कोणी मला विचारले, तर मी व्हिएन्ना शहरातील एका प्रसूतिगृहाकडे बोट दाखवीन. त्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी शिकत. इमारत एक, हवा एक, दाखल होणाऱ्या बायका त्याच शहरातील गरीब बायका. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता मरण पावल्या. दुसऱ्या विभागात ३७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ माता गेल्या. म्हणजे जेथे अधिक शिकलेले हात होते तेथे मृत्यू चौपट. इग्नाझ झेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टराला ही तफावत स्वस्थ बसू देईना. १८४७ साली त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून दगावला, आणि त्याच्या शवात झेमेलवाइसला बाळंतरोगाचीच लक्षणे दिसली. तेव्हा उलगडा झाला. वैद्यकाचे विद्यार्थी शवागारातून उठून थेट बाळंतिणीस तपासावयास येत. सुइणींच्या अभ्यासक्रमात शवविच्छेदन नव्हते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागात ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, आणि दोन्ही विभाग जवळजवळ एका पातळीवर आले.

ही हकीकत आपण जंतुशास्त्राच्या इतिहासात वाचतो. मला ती शिक्षणाच्या इतिहासात अधिक शोभते असे वाटते. कारण त्या दोन विभागांत मुख्य फरक होता तो अभ्यासक्रमाचा. शिकविल्याचा परिणाम विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत न शोधता रोग्याच्या नशिबात शोधावा, सगळ्यांची मोजणी करावी, निवडक दाखल्यांवर भरवसा ठेवू नये, आणि एका गटाची दुसऱ्याशी तुलना केल्यावाचून बोलू नये, ही तिन्ही सूत्रे तेथे एकत्र सापडतात. झेमेलवाइसच्या वाट्यास त्याच्या हयातीत मानापेक्षा उपहासच अधिक आला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या देशात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण जुने आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. मिरजेस डॉक्टर वानलेस ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाचा वर्ग काढला. बेळगावात १९१६ साली स्थापन झालेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीने १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, आणि सीमाभागातील मराठी व कानडी घरांतली मुले तेथे डॉक्टर होऊ लागली. सुइणींना शिकविण्याच्या योजनाही नव्या नव्हत्या. लेडी कर्झन ह्यांच्या पुढाकाराने १९०३ साली व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ जो निधी उभारला गेला, तो देशी दाईंच्या शिक्षणासाठीच होता. परंतु अशा योजनांच्या अहवालांत सामान्यतः किती जणींना शिकविले ह्याचा आकडा ठळक असे. किती बाळे त्यामुळे वाचली, हा रकाना बहुधा नसेच.

शिक्षणाचीच परीक्षा घ्यावी ही कल्पना संस्थेच्या रूपाने प्रथम अमेरिकेत आली. १९५५च्या सुमारास बफेलो येथे जॉर्ज मिलर ह्या डॉक्टराने शिक्षणशास्त्रज्ञांना सोबत घेऊन, आपण वैद्यक शिकवितो ते कसे शिकवितो, ह्याचा अभ्यास मांडला, आणि पुढे १९५९ साली इलिनॉय विद्यापीठात ह्याच कामासाठी स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडे हे वारे १९७०च्या दशकात पाँडिचेरीच्या जिपमेर संस्थेतील शिक्षक-प्रशिक्षण केंद्राच्या द्वारे आले. १९९७च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाचा विभाग असावा असे ठरले. विभाग झाले, शिबिरे झाली. शिबिराच्या शेवटी एक कागद वाटतात आणि ‘शिबिर कसे वाटले?’ असे विचारतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. त्यावर सगळे ‘उत्तम’ लिहितात. जेवण बरे असेल तर ‘अत्युत्तम’. डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५९ सालीच बजावले होते, की ही पहिली पायरी झाली. शिकणाऱ्याला आवडले काय, ही पहिली. त्याला समजले काय, ही दुसरी. कामावर गेल्यावर त्याची रीत बदलली काय, ही तिसरी. आणि त्या बदलाने ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याचे भले झाले काय, ही चौथी. आपले बहुतेक अहवाल दुसऱ्या पायरीवर बसून विसावा घेतात.

महाराष्ट्रात चौथ्या पायरीवर पाऊल ठेवले ते गडचिरोलीने. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग ह्यांनी तेथील ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवून दोन्हींकडचे जन्ममृत्यू मोजले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यावरून तिसऱ्या वर्षी शिकविलेल्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. शिकविणारे तेथे शिकवून निघून गेले नव्हते. देखरेख चालू होती, औषध होते, घरोघर फेरी होती. ही बाब पुढे ध्यानात ठेवावयाची आहे.

आता बेळगावकडे येऊ. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या साहाय्याने माता आणि बालकांच्या आरोग्यावरील संशोधनाचे एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले, आणि बेळगावचे वैद्यकीय महाविद्यालय त्याचे एक ठाणे झाले. पहिले मोठे काम औषधाचे होते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी मिसोप्रोस्टॉल ही गोळी खेड्यातल्या नर्सबाईंच्या हातून देता येईल काय, हे डॉक्टर भालचंद्र कोडकणी, डॉक्टर शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतील डॉक्टर रिचर्ड डर्मन ह्यांनी पाहिले. १६२० स्त्रियांमध्ये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना गोळी, काहींना तशाच दिसणारी निर्जीव गोळी दिली गेली. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. ह्या प्रयोगातील एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रक्त किती गेले हे पूर्वी डोळ्यांनी अदमासावयाचे. येथे बाळंतिणीखाली खुणा आखलेली प्लास्टिकची झोळी अंथरून ते मापले. नर्सबाईंच्या हातास औषधाबरोबर मापण्याचीही सवय लागली.

त्यानंतरचे काम शिकविण्याचे होते, आणि आपल्या आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

जन्मलेले मूल रडले नाही तर काय करावयाचे? आपल्या खेड्यांत ह्या एका क्षणाला किती निरनिराळे उपाय होते, ते जुन्या बायकांना विचारावे. कोठे थाळी वाजवीत, कोठे कांदा फोडून नाकाशी धरीत, कोठे वार शेकीत. मूल निळे पडलेले, हातपाय लुळे, श्वास नाही. काही वेळ वाट पाहिली जाई, आणि मग आईला सांगितले जाई की मूल मेलेलेच झाले. ‘मेलेलेच झाले’ ह्या शब्दांनी प्रकरण मिटे. कुणाचा दोष नाही, कुणास जाब नाही, आणि पुष्कळदा कागदावर त्या जिवाची स्वतंत्र नोंदही नाही. जन्मलाच नाही तो मेला कसा म्हणावयाचा?

जागतिक आरोग्य संघटनेचा नवजात बालकांच्या आवश्यक काळजीचा एक अभ्यासक्रम आहे. मूल कोरडे करणे, उबेत ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, आणि श्वास घेत नसेल तर मुखवटा नाकातोंडावर बसवून रबरी फुग्याने हवा देणे, एवढे त्यात शिकवितात. हा अभ्यासक्रम सहा देशांच्या ग्रामीण भागांत बाळंतपणे करणाऱ्यांना शिकवून परिणाम मोजावयाचा असे ठरले: अर्जेंटिना, काँगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान, झांबिया आणि भारत, भारतातील ठिकाणांत बेळगाव होते. आधी प्रशिक्षक तयार करावयाचे, त्यांनी इतरांना शिकवावयाचे. शिकविण्यापूर्वीचे आणि नंतरचे मिळून ५७,६४३ जन्म मोजले गेले. मग दुसरा टप्पा: काही गावसमूहांना चिठ्ठ्या टाकून निवडून बाळाच्या श्वासोपचाराचे अधिक सखोल शिक्षण द्यावयाचे, इतरांना नाही, आणि पुन्हा मोजावयाचे.

चिठ्ठ्या कशाला, असे कोणी विचारील. उत्साही डॉक्टर, हुशार नर्स आणि चांगला रस्ता असलेली गावे आपण होऊन पुढे येतात; त्यांना शिकविले आणि तेथे मृत्यू घटले, तर ते शिकविण्याने घटले की रस्त्याने, हे कळावयाचे नाही. चिठ्ठी ही हुशारी, उत्साह आणि रस्ता दोन्ही पारड्यांत सारखा वाटून टाकते. मात्र एका गावास शिकवावयाचे आणि दुसऱ्यास नाही, ह्यात मनाला टोचणारे काही आहे खरे. येथे मूलभूत अभ्यासक्रम दोन्हीकडे आधी दिलेला होता, एवढ्यावर माझे समाधान होते. पूर्ण होत नाही.

निकाल २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आकड्यासाठी एवढी उस्तवार केली होती, तो हललाच नाही. जन्मल्यापासून सात दिवसांत मरणाऱ्या बाळांचे प्रमाण शिकविण्यापूर्वी जेवढे होते, जवळजवळ तेवढेच नंतर राहिले. चिठ्ठ्या टाकून दिलेल्या जास्तीच्या शिक्षणानेही मृत्यू घटले नाहीत. एखादा उतावळा माणूस येथेच वही मिटून म्हणाला असता, की शिकविणे व्यर्थ गेले. परंतु दुसऱ्या रकान्यात एक मोठी घट दिसत होती. मेलेले जन्मलेल्या, म्हणजे मृतजात बालकांचे प्रमाण सुमारे तीन दशांशांनी उतरले होते.

हे कोडे कसे उलगडते ते पाहा. गर्भात आधीच मेलेले मूल कोणत्याही शिक्षणाने जिवंत होत नाही. मग मृतजातांचे प्रमाण घटले कसे? उत्तर एकच संभवते, की ‘मेलेले जन्मले’ म्हणून ज्यांची नोंद होत होती त्यांतील काही मुले मेलेली नव्हतीच. ती श्वासासाठी अडली होती. ज्यांनी फुगा आणि मुखवटा हाती घेण्यास शिकले, त्यांनी त्यांना मेलेले ठरविण्याआधी हवा देऊन पाहिली. आणि येथे ताळा पाहावयाचा. अशी मुले क्षणभर श्वास घेऊन पुढल्या दोनचार दिवसांत मरत असती, तर सात दिवसांतील मृत्यूंचा आकडा वाढावयास हवा होता. तो वाढला नाही. म्हणजे जो आकडा न हलल्यामुळे प्रयोग फसला असे वाटत होते, तोच न हलणारा आकडा ती मुले जगली ह्याचा पुरावा ठरला.

बेळगाव जिल्ह्यात ह्याच्या पुढची पायरी गाठली गेली. ‘मुलांना श्वास घेण्यास मदत करा’ अशा अर्थाच्या नावाचा एक नवा, चित्रांच्या साहाय्याने शिकविण्याचा अभ्यासक्रम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने केला होता. त्यात जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला सोन्याचे मिनिट म्हणतात; त्या मिनिटात मूल श्वास घेऊ लागले पाहिजे किंवा त्याला हवा देणे सुरू झाले पाहिजे. पाण्याने भरून खऱ्या बाळाएवढी जड होणारी एक बाहुली सरावासाठी असते. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील आणि रुग्णालयांतील ५९९ जणांना हे शिकविले गेले. शिकविण्यापूर्वीचे ४१८७ आणि नंतरचे ५४११ जन्म मोजले. डॉक्टर गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली जे छापले त्यात मृतजातांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलेले दिसते. पण त्यांनी तेवढ्यावर न थांबता मृतजातांचे दोन भाग केले. ज्यांची कातडी सोलवटलेली असते, ती मुले बाळंतपणाच्या पुष्कळ आधी गेलेली. ज्यांची कातडी ताजी असते, ती अगदी अखेरच्या घटकांत गेलेली, किंवा गेली असे समजली गेलेली. ह्या ताज्या मृतजातांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर उतरले.

आता आपणच वजाबाकी करा. उरलेल्या, म्हणजे आधीच गेलेल्या मुलांचे प्रमाण पूर्वी १.३ आणि नंतर १.४. जवळजवळ जागच्या जागी. शिकविण्याचा हात जेथे पोहोचू शकत होता तेथेच घट झाली. जेथे पोहोचू शकत नव्हता तेथे झाली नाही. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी १.८ आणि नंतर १.९ टक्के. टक्केवारी सोडून माणसांच्या भाषेत सांगावयाचे तर, जुने प्रमाण कायम राहते तर नंतरच्या ५४११ जन्मांत सुमारे ९२ ताजे मृतजात झाले असते. झाले सुमारे ४९. हा हिशेब माझा, ढोबळ आहे. पण ती चाळीस-बेचाळीस मुले पुढे शाळेत जाण्याच्या वयाची झाली.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. ह्या दुसऱ्या अभ्यासात तुलनेसाठी न शिकविलेला गट नव्हता; केवळ आधी आणि नंतर. २००५ पासून देशभर दवाखान्यात बाळंत होण्याची प्रथा झपाट्याने वाढत होती, वाहने मिळू लागली होती. त्याचा हातभार किती, हे अशा मोजणीतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. आपल्याकडे कोणी पाहात आहे हे कळल्यावर माणसे जरा नीट वागतात, हेही आहेच. सोलवटलेल्या आणि ताज्या मुलांची विभागणी ह्या शंकांना बरेचसे उत्तर देते, सगळे नाही.

आणि म्हणूनच पुढची मोजणी झाली. तोच अभ्यासक्रम बेळगाव, नागपूर आणि केनियातील एल्डोरेट अशा तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर शिकविला गेला, आणि ह्या वेळी केवळ शिकविलेल्या दवाखान्यांतले जन्म न मोजता त्या त्या भागातील सगळ्या गरोदर स्त्रियांच्या नोंदवहीवरून हिशेब केला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. एकूण बालमृत्यूंत सरसकट घट दिसली नाही. बेळगावात अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळांत तेवढी सुधारणा दिसली. दवाखान्याच्या चार भिंतींत जे दिसते ते जिल्ह्याच्या नकाशावर पसरताना विरळ होते. बेळगावच्याच संशोधकांनी, आधीच्या यशाचे नाव ज्यांच्या खात्यावर होते त्यांनीच, हे छापले. मला त्यांच्या पहिल्या निबंधापेक्षा ह्या दुसऱ्याबद्दल अधिक आदर वाटतो.

ह्या तीन ठिकाणांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती ज्यांना शिकविले त्यांच्या हातांविषयीची आहे. अभ्यासक्रम संपताच घेतलेल्या परीक्षेत बहुतेक सगळे उत्तीर्ण झाले. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा प्रश्नांची उत्तरे पुष्कळांना अजून येत होती; परंतु मुखवटा बाळाच्या तोंडावर घट्ट बसवून छाती उचलेल एवढीच हवा देण्याचे कसब उणावले होते. डोक्यातले टिकले, हातातले गळाले. उजळणी दिल्यावर ते परत आले. त्यात नवल नाही. एका लहान आरोग्यकेंद्रात महिन्यास जेमतेम दहापाच बाळंतपणे व्हावयाची, आणि त्यांत न रडणारे मूल एखादे. त्या एखाद्या मुलासाठी नर्सबाईंनी मधले सगळे दिवस बाहुलीवर हात चालता ठेवावयाचा असतो, आणि ती बाहुली पुष्कळदा साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असते.